६०० मीटरवर गोळ्या उजवीकडे जातात. काडतुसे स्वतः भरायला घ्यावीत का?

नेमधारी

नमस्कार. गेली दीड वर्षे मी .३०८ विंचेस्टर रायफलीने कागदी लक्ष्यावर सराव करीत आहे. १०० मीटरवर तीन गोळ्यांचा ग्रूप (भोकांचा झुबका) सरासरी १८ मिलिमीटरचा येतो आणि तो नेमका मध्यावर असतो, त्यामुळे रायफलीबद्दल माझी तक्रार नाही. ३०० मीटरवर मात्र तोच ग्रूप दोन बोटे उजवीकडे सरकतो आणि ६०० मीटरवर चांगला वीतभर. शिवाय ६०० वर तो वर-खालीही पसरतो. वारा कोणत्याही बाजूचा असला तरी सरासरी उजवीकडेच येते असे मला वाटते, अर्थात माझे वाऱ्याचे वाचन अजून कच्चे आहे.

साहित्याविषयी: स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) मिलचा आहे, ०.१ मिलच्या क्लिकचा; १ मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. रायफलीच्या रेलवर (स्कोप जिच्यावर बसतो त्या पट्टीवर) छोटी पाणसळ बसवलेली आहे आणि प्रत्येक गोळीपूर्वी मी तिचा बुडबुडा पाहतो, तेव्हा रायफल कलत नाही हे नक्की. काडतुसे कारखान्याची, एकाच लॉटची आहेत.

रेंजवरील एका ज्येष्ठांनी सांगितले की विकतच्या काडतुसांत हे असेच चालायचे, स्वतः भरायला शीक. त्यासाठी लागणारा परवाना मिळण्यात अडचण नाही. प्रश्न असा की प्रेस (दाबयंत्र), डाय (साचे) आणि तराजू यांवर खर्च करावा, की आहे तो स्कोप बदलून चांगला घ्यावा? दोन्ही एकदम परवडणार नाही.

पुंगळीवाला

ज्येष्ठांनी योग्य सांगितले आहे. कारखान्याला एकच काडतूस हजारो वेगवेगळ्या रायफलींत बसवायचे असते. आपल्याला फक्त आपल्या एका चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या खोबणीत) बसवायचे असते, आणि सगळा फरक इथूनच सुरू होतो. तुमच्या रायफलीत एकदा उडालेली पुंगळी (काडतुसाची पितळी नळी) तुमच्या चेंबरचा आकार घेऊन बाहेर येते. तिचा खांदा डायमध्ये किती मागे ढकलायचा, गोळी रायफलिंगपासून (बॅरलमधल्या पिळापासून) किती अंतरावर बसवायची, पुंगळीच्या मानेने गोळीला किती घट्ट धरायचे, या तिन्ही गोष्टी तुमच्या हातात येतात. पावडर प्रत्येक काडतुसात तोलून घातली, पुंगळ्या एकाच लांबीला कापल्या आणि प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) एकसारख्या खोलीवर बसवले की गोळीच्या वेगातली तफावत कमी होते. तुमचा ६०० मीटरवरचा उभा पसारा हा बहुतेक वेगातल्या तफावतीचाच आहे.

मात्र तुमच्या पुंगळ्या बॉक्सर प्रायमरच्या आहेत ना, ते आत डोकावून पाहून घ्या. तळाला मधोमध एकच भोक दिसले तर बॉक्सर. दोन बारीक भोके दिसली तर बर्डन, आणि त्या घरी भरण्याच्या भानगडीत पडू नये.

वाताहत

पुंगळीवाला यांच्या एकाही वाक्याशी माझा वाद नाही, पण ते वेगळ्याच आजाराचे औषध देत आहेत. धागाकर्त्याची मुख्य तक्रार "उजवीकडे" अशी आहे. वेगातली तफावत गोळी वर-खाली नेते, आडवी नेत नाही. आडवे नेणारी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वारा.

किती नेतो, याचा एक जुना आणि सोपा हिशोब आहे. गोळीला लक्ष्यापर्यंत जाण्यास प्रत्यक्ष लागलेला वेळ घ्यावा आणि हवा नसती तर जो लागला असता तो त्यातून वजा करावा. उरलेल्या वेळात वारा जितका पुढे जाईल तितकी गोळी सरकते. तुमची गोळी ७९० मीटर प्रतिसेकंदाने निघत असेल तर ६०० मीटर जायला साधारण १ सेकंद घेते. हवा नसती तर तिला ०.७६ सेकंद लागले असते. उरलेल्या ०.२४ सेकंदात, सेकंदाला १ मीटर जाणारा आडवा वारा २४ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे नेमकी तुमची एक वीत. इतका मंद वारा चेहऱ्याला जेमतेम जाणवतो. म्हणून प्रेस आणि स्कोप दोन्ही राहू द्या, तो खर्च काडतुसांवर करा आणि वाऱ्यात बसून झाडा.

काठावरचा

म्हणजे धाग्याचा निकाल असा की दोष हवेचा आहे आणि हवा बदलून मिळत नाही. वाचतोय.

पेचकस

वाऱ्याकडे जाण्याआधी पाना हातात घ्या, अशी माझी विनंती आहे. माझा स्वतःचा एक आख्खा हंगाम कसा वाया गेला ते सांगतो. माझ्या रायफलीचे ग्रूप अचानक फुटू लागले. एका दिवशी उत्तम, दुसऱ्या दिवशी दोन वेगळे झुबके. मी पावडर बदलली, मग गोळीचे वजन बदलले, मग प्रायमर बदलले, आणि प्रत्येक बदलानंतर एक चांगला ग्रूप मिळाला की आता जमले असे वहीत लिहून ठेवले. शेवटी बॅरल झिजले असा निष्कर्ष काढून मी नवे मागवण्याच्या बेतात होतो. स्कोप काढताना लक्षात आले की स्कोप धरणाऱ्या पुढच्या रिंगखाली त्याच्या नळीवर जेमतेम एक मिलिमीटर रुंदीचा चकचकीत पट्टा घासला गेला आहे, म्हणजे प्रत्येक धक्क्याला स्कोप रिंगमध्ये पुढे सरकत होता. आणि त्याखालच्या बेसचा मागचा स्क्रू मी अंगठ्याच्या नखाने फिरवू शकलो.

त्या दिवसापासून टॉर्क (कसण्याचा जोर) दाखवणारा पाना माझ्या पेटीत सर्वांत वर असतो. नेमधारी, रिंगा आणि बेस एकदा उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला कसून घ्या आणि मग आमची मते वाचा.

गणिती

पेचकस यांच्या कथेतला खरा खलनायक स्क्रू नाही, "एक चांगला ग्रूप मिळाला की वहीत लिहून ठेवले" हे वाक्य आहे. तीन गोळ्यांचा ग्रूप फार कमी माहिती देतो. रायफलीचा अंगभूत पसारा एकच असला तरी गोळ्या वाढवल्या की ग्रूप मोठाच दिसतो. प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचे माप) १ धरले तर तीन गोळ्यांचा ग्रूप सरासरी २.४, पाचांचा ३.१ आणि दहांचा ३.८ भरतो. म्हणजे नेमधारी यांची १८ मिलिमीटरची रायफल दहा गोळ्यांना सुमारे २८ मिलिमीटरची आहे, जवळजवळ एक मिनिट ऑफ अँगल (अंशाचा साठावा भाग). रायफल चांगलीच आहे, पण अर्ध्या मिनिटाची नाही, आणि पुढचा सगळा हिशोब २८ वरूनच करायला हवा.

वेगाचेही तसेच आहे. पाच गोळ्यांवरून प्रमाण विचलन काढले तर खरी किंमत त्याच्या ०.६ पट ते जवळजवळ २.९ पट यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, ९५ टक्के खात्रीने. वीस गोळ्यांना हीच मर्यादा ०.७६ ते १.४६ पटीवर येते. "माझ्या भरणीचे विचलन फक्त २ आहे" असे पाच गोळ्यांवर सांगणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

नेमधारी, कोणाकडून क्रोनोग्राफ (गोळीचा वेगमापक) उसना मिळाला तर त्याच लॉटच्या वीस गोळ्यांचे वेग मोजून इथे द्या.

पुंगळीवाला

पाच गोळ्यांवर २ सांगणारा मीच, हे या मंडळावर सर्वांना ठाऊक आहे. वीस गोळ्यांचे आकडे देईन तेव्हा देईन. परंतु वाताहतताईंच्या मुद्द्याला उत्तर देणे भाग आहे. वारा सर्वांनाच छळतो आणि तो वाचायला वर्षे लागतात, हे मान्य. पण उभा पसारा पूर्णपणे आपल्या हातातला आहे. जे हातात आहे ते आधी का सुधारू नये?

काठावरचा

आता खरोखरचा प्रश्न. घरात पावडर ठेवून काडतुसे भरणे धोक्याचे नाही का? माझ्या घरच्यांचा याच एका मुद्द्यावर विरोध आहे.

पुंगळीवाला

घरच्यांचा विरोध रास्त आहे आणि तो शिस्तीनेच मोडता येतो. रायफलीची धूरविरहित पावडर उघड्यावर स्फोट पावत नाही, वेगाने जळते. चेंबरमध्ये कोंडली की मात्र ती दाब निर्माण करते, आणि सगळा धोका या दाबात आहे. म्हणून नियम थोडे पण कडक आहेत. भरणीचे आकडे पावडर किंवा गोळी बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तिकेतलेच घ्यावेत, मित्राच्या वहीतले कधीही घेऊ नयेत. सुरुवात सर्वांत कमी आकड्यापासून करावी. प्रायमर मूळ डब्यातच ठेवावेत, कारण अख्ख्या सामानात धक्क्याने उडणारी वस्तू तीच. आणि टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा असावा.

हा शेवटचा नियम मी स्वतः मोडून शिकलो. एका रात्री मापकाच्या नळकांड्यात आदल्या दिवशीची उरलेली पावडर होती, तीत मी दुसरी ओतली. दोन्ही करड्या, दोन्हींचे दाणे बारीक नळीसारखे, नजरेला फरक कळणारच नाही. जळण्याचा वेग मात्र पूर्ण वेगळा. साठ काडतुसे भरून झाल्यावर शेल्फवरचा दुसरा डबा अपेक्षेपेक्षा हलका लागला आणि पोटात गोळा आला. मग पुढचे दोन दिवस हातोडीसारख्या गोळीउपशाने एकेक काडतूस ठोकून ती साठही रिकामी केली. पावडर टाकून दिली, पुंगळ्या वाचल्या, आणि सकाळी शेजाऱ्यांनी विचारले की रात्री फर्निचरचे काम चालले होते का.

दुसरी एक फजिती निरुपद्रवी असल्याने सांगतो. पुंगळीला वंगण लावायचे विसरून ती डायमध्ये घातली तर ती तिथेच रुतते, प्रेसच्या दांड्याला लोंबकळले तरी निघत नाही, आणि बूड फाटून हातात येते. हे प्रत्येकाचे एकदा होते. दोनदा झाले तर छंद बदलावा.

शून्यबिंदू

थोडे अवांतर, पण साहित्याचा विषय निघालाच आहे म्हणून. वारा इतका नडत असेल तर .३०८ सोडून ६.५ क्रीडमूरकडे का जाऊ नये? .३०८ हे १९५२ चे काडतूस, क्रीडमूर २००७ चे आणि मुळात लांब पल्ल्याच्या लक्ष्यनेमबाजीसाठीच आखलेले. गोळी बारीक, लांब आणि निमुळती असल्याने तिला हवेचा अडथळा कमी होतो, आणि त्याच वाऱ्यात ती साधारण पाव हिस्सा कमी सरकते. कितीही काळजीने भरणी केली तरी .३०८ च्या गोळीचे हे अंतर भरून निघत नाही.

वाताहत

अवांतर असले तरी बरोबर आहे. मात्र ज्यांना लांब पल्ल्याच्या स्पर्धांतल्या एफ-टीआर वर्गात उतरायचे आहे त्यांना .३०८ किंवा .२२३ रेमिंग्टन याशिवाय पर्याय नाही, नियमच तसा आहे. आणि शिकण्यासाठी मला .३०८ च बरी वाटते. चुकीच्या वाचनाची शिक्षा लगेच आणि ठळक दिसते. बॅरलही जास्त दिवस टिकते, तेव्हा शिक्षा पुष्कळ वेळा भोगता येते.

नेमधारी

सर्वांचे आभार. दोन आठवड्यांनी लिहितो आहे. रिंगा आणि बेस तपासले. सर्व स्क्रू सांगितलेल्या टॉर्कला होते, पेचकस यांनी क्षमा करावी. क्रोनोग्राफ उसना मिळाला. त्याच लॉटच्या वीस गोळ्या: सरासरी वेग ७९० मीटर प्रतिसेकंद, प्रमाण विचलन ५. आता यातून काय समजायचे?

गणिती

आता हिशोब करता येईल. गणित ढोबळ आहे, पण प्रमाणाचा अंदाज येण्यास पुरेसे आहे.

गोळीचा एकूण पात (खाली येणे) साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून वेगात ०.६३ टक्के फरक पडला (७९० त ५) की पातात सुमारे १.२७ टक्के फरक पडतो. ६०० मीटरवर तुमच्या गोळीचा नळीच्या रेषेपासून पात साडेतीन मीटरच्या आसपास धरू. त्याचे १.२७ टक्के म्हणजे ४.४ सेंटिमीटर, हे वेगातल्या तफावतीने येणारे उभे विचलन. रायफलीचे स्वतःचे विचलन १०० मीटरवर ७.५ मिलिमीटर, म्हणून ६०० वर ४.५ सेंटिमीटर. ही दोन परस्परांवर अवलंबून नाहीत, म्हणून त्यांची सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून मूळ काढायचे: ६.३ सेंटिमीटर. आता समजा उत्तम भरणीने वेगाचे विचलन निम्मे केले. तर ४.४ चे २.२ होते आणि एकूण ५. म्हणजे प्रेस, डाय, तराजू आणि कैक संध्याकाळी खर्चून ६०० मीटरवर ६.३ चे ५ झाले. वाताहत यांच्या हिशोबाने वारा सेकंदाला १ मीटरने चुकीचा वाचला की २४.

९०० मीटरवर मात्र चित्र पालटते. तिथे पात १० मीटरच्या घरात जातो, वेगाच्या तफावतीचा वाटा १२.७ होतो, रायफलीचा जेमतेम ६.८. एकूण १४.४, आणि निम्म्या तफावतीने ९.३. हा फरक लक्ष्यावर डोळ्यांना दिसेल.

पुंगळीवाला

मी गेली अनेक वर्षे ९०० वर झाडतो आणि ६०० वाल्यांना सल्ला देतो, असे आता म्हणता येईल. हिशोब मान्य. नेमधारी ९०० वर येतील तेव्हा प्रेस माझ्याकडे बघून घ्यावा, तोवर चांगल्या लॉटची पाच-सात खोकी एकदम घेऊन ठेवावीत.

वाताहत

आता मला माझेच म्हणणे थोडे मागे घ्यावे लागत आहे. पहिली नोंद पुन्हा वाचली. १०० वर मध्यावर, ३०० वर दोन बोटे, ६०० वर एक वीत, आणि तेही वारा कुठलाही असला तरी. वारा इतका इमानी नसतो. तो कधी उजवीकडे नेईल, कधी डावीकडे. सतत एकाच बाजूला आणि अंतराबरोबर वाढत जाणारी चूक ही साहित्यातली चूक आहे, आणि ती टरेट (नेम वर-खाली करणारी स्कोपवरची चकती) फिरवल्यावरच दिसते आहे.

नेमधारी, तुमची पाणसळ रेलवर आहे असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे ती रायफल सरळ आहे एवढेच सांगते. स्कोप रिंगमध्ये सरळ बसला आहे का, हे ती कसे सांगणार? रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) जरा जरी उजवीकडे कललेले असेल, तर तुम्ही टरेटने "वर" चढवलेली प्रत्येक क्लिक थोडी वर आणि थोडी उजवीकडे जाते. १०० मीटरवर झीरो (नेम आणि गोळी एकाच बिंदूवर) असल्याने चढवायचे काहीच नसते, म्हणून तिथे सगळे ठीक दिसते.

परीक्षा सोपी आहे. १०० मीटरवर दोरीला वजन बांधून ओळंबा सोडा. रायफल पक्की आवळून पाणसळ मध्यावर आणा आणि रेटिकलची उभी रेघ दोरीवर बसते का पाहा. मग काहीही न हलवता १० मिल चढवा. मध्यबिंदू दोरीवरून बरोबर १ मीटर खाली उतरला पाहिजे. दोरी सोडून बाजूला गेला तर स्कोप कललेला आहे, आणि १ मीटरऐवजी ९७ सेंटिमीटरच उतरला तर टरेटचे माप खोटे आहे. म्हणजे नवीन स्कोप हवा की नको, याचेही उत्तर याच परीक्षेत मिळेल.

पेचकस

ही परीक्षा मी स्क्रूबरोबरच सुचवायला हवी होती. नेमधारी, रिंगा कसताना एका बाजूचे स्क्रू आधी पूर्ण आवळले होते का? तसे केले की आवळता आवळता नळी त्या बाजूला फिरते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवत, आलटून पालटून थोडे थोडे आवळावे.

नेमधारी

ओळंबा सोडला. दोरी वाऱ्याने हलू नये म्हणून वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले. पाणसळ मध्यावर असताना रेटिकलची उभी रेघ दोरीला डोळ्यांना दिसेल इतकी तिरपी होती. १० मिल चढवल्यावर मध्यबिंदू खाली अगदी १ मीटर उतरला, पण दोरीपासून बाजूला ५ सेंटिमीटर गेला. म्हणजे टरेट खरे आणि स्कोप कललेला. पेचकस यांचा तर्कही बरोबर होता, मी उजवीकडचे स्क्रू आधी कसले होते.

स्कोप सरळ करून, पुन्हा झीरो करून काल ६०० वर वीस गोळ्या झाडल्या. ग्रूपचा मध्य आता उजवीकडे फक्त सहा-सात सेंटिमीटर आहे. उभा पसारा होता तसाच आहे, पण गणिती यांच्या हिशोबानंतर मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही.

गणिती

१ मीटरला ५ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ३ अंशांचा कल. ६०० मीटरसाठी तुम्ही पाच-सव्वापाच मिल चढवत असाल, त्याचे ५ टक्के म्हणजे पाव मिलहून किंचित जास्त, म्हणजे सुमारे १६ सेंटिमीटर. एका वितेतून १६ गेले की सहा-सातच उरतात. आकडे जुळले.

काठावरचा

मग ते उरलेले सहा-सात कोणाचे? त्यासाठी आता नवीन बॅरल का?

वाताहत

ते गोळीच्या स्वतःच्या फिरकीचे. उजव्या पिळाच्या बॅरलमधून निघालेली गोळी फिरता फिरता जराशी उजवीकडे झुकते आणि अंतराबरोबर हे झुकणे वाढते. ६०० मीटरवर .३०८ ला ते इतकेच असते. नेमधारी, ६०० ला डावीकडे एक क्लिक द्या.